घोडं पेंड खातं ती जागा

नारिनला ऑक्टोबरातच नळ गोठतो,
म्हणून केबल पुरायची ती सप्टेंबरात, उलान म्हणाला,
आणि आम्ही पुरली,
दुकानापासून नव्या शेडपर्यंत,
जिथे आता सहा जणी नमदे लाटतात
आणि गुलझात सपातांचे फोटो काढते
पांढऱ्या चादरीवर, जोडीजोडीने.

शेडमध्ये दिवा हिरवा लागला.
इंटरनेट नाही.
अगदीच नाही असंही नाही:
निरोप जायचा, फोटो अडायचा.
हॅम्बुर्गच्या बाईंना नमस्कार पोचला,
सपात अर्धी उतरली
आणि टाचेपाशी थांबली.

उलानने संशय घेतला आधी पासवर्डवर,
मग राउटरवर. बंद केला, दहा मोजले, चालू केला
(एवढं तर मीही करते, शिलाई मशीनला).
मग टोकं छाटली, आठही तारा पुन्हा रंगांनी लावल्या,
पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी,
बोटं ऐकेनाशी झाली तेव्हा मी चहा आणला.
तपासणीच्या डबीवर आठ दिवे ओळीने लागले.
एकही तार खोटं बोलत नव्हती.

मग तो शेडमधून राउटरला हाका मारत बसला.
शंभर हाका.
एकसष्टांना ओ आली.
"उरलेल्या कुठे गेल्या?" मी विचारलं.
तो उठला आणि कुंपणाच्या कडेने
पावलं मोजत चालू लागला.

एकशे सव्वीस मीटर.
"तांबं शंभरच चालतं," तो म्हणाला,
"पुढे त्याला धाप लागते.
मध्ये एक पेटी हवी, हाक ऐकून
तीच हाक ताज्या गळ्याने पुढे मारणारी.
आणि पेटीला वीज हवी."
मध्ये म्हणजे कुठे, ते त्याने हनुवटीने दाखवलं.
गावाला ठाऊक आहे.

मध्ये ताश्तानबेकचा तबेला.
माझे थोरले दीर. अकरा वर्षांचा अबोला.
केबल त्यांच्याच भिंतीलगत गेली होती,
आमच्या बाजूने, चार बोटं सोडून;
बोटं मी स्वतः मोजली होती.

पेटी शालीत गुंडाळून गेले.
घोडी पेंड खात होती
(खरोखरची घोडी, म्हणीतली नव्हे).
"वीज किती खाते?" त्यांनी पेटीला विचारल्यासारखं विचारलं.
"रात्रीच्या दिव्याहून कमी."
"आवाज?"
"करत नाही."
"म्हणजे तुझ्या माहेरची नाही,"
असं म्हणून त्यांनी फळीवरचे नाल बाजूला सारले.

याला समेट म्हणू नका.
विजेचे पैसे द्यायला गेले तेव्हा
कुत्रं सोडलं नाही, इतकंच.

शंभराला शंभर ओ यायला लागल्या.
सपाता टाचेसकट हॅम्बुर्गला पोचल्या.
आणि चौथ्या दिवशी, रात्री नऊला, सगळं ठप्प.
पाचव्या दिवशीही नऊला.
उलान आला, पुन्हा पासवर्ड, पुन्हा राउटर, पुन्हा दहा मोजणं.
मी नुसती खिडकीशी उभी राहिले.
नऊ वाजले, तबेला काळा झाला,
माझ्या पाठीमागे हिरवा दिवा गेला.

झोपताना ते मेन स्विच खाली ओढतात.
एकदा गवत पेटलं होतं, तेव्हापासून.
माझं लग्न व्हायच्याही आधीची सवय.

उलान म्हणतो, पेटीला बॅटरी बसवू, चार हजार सोम.
हॅम्बुर्गला तेव्हा दुपारचे चार असतात,
बाई लिहितात, ऐन कामाच्या वेळी तुम्ही जाता कुठे?
मी अजून हो म्हटलेलं नाही.
नऊला दिवा गेला की मला कळतं,
जेवले, घोडीला पाणी दाखवलं, आडवे झाले.
अकरा वर्षांत एवढी बातमी कुणी आणून दिली नव्हती.

परवा सव्वानऊ झाले.
साडेनऊ.
दिवा हिरवाच.
गुलझात खूश, फोटो सपासप जात होते.

मी बूट चढवले.